गार्डसाहेबांचे डोंगर

लातूरचा जिल्हा झाला आणि गावाच्या अंगात वारं भरलं. काल ज्याच्या पाटीवर नुसतं ‘हेअर कटिंग सलून’ होतं, त्यानं रातोरात त्याच्या आधी ‘जिल्हा’ रंगवून घेतलं. उस्मानाबादला जे आहे, नांदेडला जे आहे, ते सगळं आता आपल्याकडंही पाहिजे, असं जो तो म्हणायला लागला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या जीपा आल्या. पाऊस तेवढा आला नाही. हे सलग दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. नळाचं पाणी जावयासारखं झालं होतं, कधीतरी यायचं आणि आलं म्हणेपर्यंत निघून जायचं.

अशा दिवसांत गंजगोलाईतल्या गुरुबसप्पा कापडवाल्यानं ‘लातूर जिल्हा गिरिभ्रमण मंडळ’ काढलं.

कारण तसं साधं होतं. डॉक्टरनं त्याच्या पोटाकडं बघून सांगितलं होतं, रोज चाला. गुरुबसप्पाला चालायला हरकत नव्हती, पण एकट्यानं चालायची लाज वाटायची. एकटा व्यापारी विनाकारण चालताना दिसला की बाजार म्हणतो, दुकान बुडालं वाटतं. मंडळ काढलं म्हणजे चालण्याला इज्जत आली. माणसंही पटापट मिळाली. हायस्कुलात भूगोल शिकवणारे अमृतराव गुरुजी आले, दोन वकील आले, एक दवाखान्यातला कंपाउंडर आला. मंडळाला शिक्का झाला, टोप्या झाल्या. अडचण एवढीच, की लातूरच्या आसपास गिरी कुठं नव्हते. सगळा माळ. भ्रमण करायचं कशावर?

दुकानाच्या ओट्यावर रोज सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या लिंबाजी सोनकांबळ्यांनी तेव्हा पेपर खाली घेतला.

“डोंगर पायजेत काय अप्पा? मग आमच्या किनवट लाईनीला चला की. डोंगर हाईत, तळी हाईत, रान हाय. म्हणाल ते हाय.”

लिंबाजी रेल्वेत गार्ड होते. मालगाडी असो की पॅसिंजर, शेवटच्या डब्यात हिरवी आणि लाल झेंडी घेऊन बसणारा माणूस. सगळी नोकरी आदिलाबादच्या लाईनीवर गेली. रिटायर झाल्यावर नवराबायको मुलीकडं लातूरला आले. मुलगी पंचशीला नव्या कलेक्टर कचेरीत टायपिस्ट होती. गार्डसाहेबांच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. पण किनवटचे डोंगर निघाले की लिंबाजींना थांबवायला सिग्नल लागायचा.

“इस्लापूर सोडलं की डाव्या हाताला दोन डोंगर हाईत. मी त्यान्ला सासू-सून म्हणतो. एकमेकीकडं पाठ करून बसल्यात. तिथून फुडं निजलेला बैल. अन् बैलाच्या पाठीमागं, दुपारच्या टायमाला, तळं असं चमकतं बघा, डोळे दिपतात. चांदीतळं!”

ओट्यावरचे लोक ऐकत राहायचे. लिंबाजी यात एक अक्षर खोटं बोलत नव्हते. हे सगळं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, रोज जाताना एकदा आणि येताना एकदा. फक्त ते गाडीतून पाहिलं होतं. त्या डोंगरांवर पाऊल ठेवायचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. गार्ड गाडी सोडून जाणार कुठं? शेवटच्या डब्यात माणूस एकटा असतो. समोर मागं पळणारे रूळ आणि दोन्ही अंगाला डोंगर. दुसऱ्या कुणाशी बोलणार? लिंबाजींनी त्या डोंगरांना नावं दिली होती, पावसाळ्यात त्यांचा रंग बदलला की खुशाली विचारली होती. तुम्ही तिथं गेला होता का, असं ओट्यावर कुणी विचारलं नाही. कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनीही सांगितलं नाही.

गुरुबसप्पा म्हणाला, “गार्डसाहेब, हे सगळं लिहून काढा. मंडळातर्फे पुस्तक छापू. नांदेडकरांचे डोंगर अन् पुस्तक लातूरचं! त्यांची कशी जिरते बघा.”

लिंबाजींनी लिहिलं. पुस्तक छापून आलं: ‘इस्लापूर ते किनवट : डोंगर, तळी आणि पायवाटा’. मागच्या पानावर गुरुबसप्पाच्या दुकानाची जाहिरात, आतल्या पानांवर लिंबाजींच्या वाटा. भाषा रेल्वेची. ‘येथून पायवाट सुटते.’ ‘या ठिकाणी दोन मिनिटे थांबा आहे.’ ‘निजलेला बैल उजवीकडे टाकून पुढे निघावे, वाट सोपी आहे.’ ‘झऱ्याचे पाणी थंडगार आहे.’ चांदीतळ्याला तर शेवटचं आख्खं पान दिलं होतं. पुस्तक गावात वाचलं गेलं, वाखाणलं गेलं. चार महिने लिंबाजी रस्त्यानं ताठ मानेनं चालले.

माघात गुरुबसप्पानं मंडळाची पहिली मोहीम जाहीर केली. किनवटचे डोंगर. मार्गदर्शक : स्वतः ग्रंथकर्ते.

लिंबाजी घरी आले ते गुडघा धरूनच.

“काय झालं?” सरजाबाईंनी विचारलं.

“गुडघा धरून राहिलाय.”

“सकाळी तर बरा होता. कधी धरला?”

“आत्ताच. मीटिंगीत.”

सरजाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि नवऱ्याकडं नीट बघितलं. “तुम्ही भाजी आणाया जाता तर रिक्षानं येता. अन् म्हणं डोंगर चढणार. पंचशीलाचे बाबा, त्या डोंगरावर तुम्ही कधी गेल्ता का?”

लिंबाजी गुडघा चोळायला लागले.

“मला वाटलंच. मीबी येते संगं.”

“तू कशाला?”

“तुम्हाला उचलून आणाया कुणी तरी लागंल ना.”

मंडळी रात्रीच्या एसटीनं नांदेडला गेली आणि पहाटेच्या आदिलाबाद पॅसिंजरमध्ये बसली. गाडीत लिंबाजी राजासारखे होते. कोणता पूल येणार, कुठं गाडी वळणार, कुठल्या केबिनवाल्याची म्हैस रुळावर येते, सगळं ते आधी सांगत आणि तसंच होई. वकिलांनी टाळ्या दिल्या. सरजाबाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या.

गुरुबसप्पानं आपला बेत सांगितला. त्याच्या घरचा नेम होता. आंघोळ आणि इष्टलिंगाची पूजा झाल्याबिगर तो अन्नाला शिवत नसे. “आज चांदीतळ्यात आंघोळ करणार, तळ्याच्या काठावर पूजा करणार, अन् मग बायकोनं, दानम्मानं दिलेले धपाटे खाणार. तुमच्या पुस्तकातच लिवलंय की, स्नानास उत्तम.” अध्यक्ष खाईपर्यंत आपण कसं खायचं, म्हणून बाकीच्यांनीही डबे उघडायचे नाहीत असं ठरवलं. स्नानास उत्तम हे लिंबाजींनी नुसतं ओळ भरायला लिहिलं होतं.

इस्लापूरला उतरल्यावर अमृतराव गुरुजींनी एका हातात होकायंत्र आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरलं. गुरुजींना प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायची सवय होती.

“‘स्थानकाच्या मागील बाजूने टेकडीवर ठळक पायवाट जाते.’ कुठं आहे?”

सगळ्यांनी टेकडीकडं बघितलं. गाडीतून जी पायवाट म्हणून दिसायची, ती जवळून बघता ओढ्याची घळ निघाली. दगडगोटे आणि बोरीची जाळी. लिंबाजींनी घसा खाकरला. आणि त्यांच्या तोंडून आपसूकच निघून गेलं, “दुष्काळ.”

“म्हणजे?”

“म्हणजे बघा गुरुजी. पाऊस न्हाई, म्हणून गवत न्हाई. गवत न्हाई, म्हणून जनावरं डोंगरावर जाईनात. जनावरं जाईनात, म्हणून वाट पुसली.”

अमृतरावांना यात चूक सापडेना. गुरुबसप्पानं मान हलवली, “लई वाईट दुष्काळ.” आणि मंडळी घळीतून चढायला लागली.

एकदा सापडलेला शब्द लिंबाजींनी मग सोडला नाही. पुस्तकातल्या गर्द रानात सागाची उघडी खोडं उभी होती. दुष्काळ. झऱ्याच्या जागी पांढरा खडक होता. दुष्काळ. ‘येथून सासू-सून स्पष्ट दिसतात’ तिथून काहीच दिसेना, कारण मध्येच एक भलामोठा तिसरा डोंगर उभा होता. तो लिंबाजींनी जन्मात पाहिला नव्हता, गाडीतून तो सासूच्या मागं लपायचा.

“हा कुठून आला?” कंपाउंडरनं विचारलं.

“दु...” लिंबाजी म्हणायला लागले आणि थांबले. “ही सुनंची आई,” ते म्हणाले.

आपल्या नवऱ्याला इतकं बोलता येतं हे सरजाबाईंना ठाऊक नव्हतं. त्या पदर खोचून सगळ्यांच्या पुढं चालत होत्या. डोंगर चढायचा म्हणजे काही मोठं करायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मागं बघून त्या एवढंच म्हणाल्या, “झाडाची मुळी धरा, बोरीची फांदी धरू नका. अप्पा, बूट आडवा टाका.”

गुरुबसप्पाची दशा वाईट होती. कपाळावरची विभूती घामानं केव्हाच उतरली होती. पाठीवरच्या पिशवीतून धपाट्यांचा वास येत होता आणि तो वास त्याच्याबरोबर डोंगर चढत होता. पिण्याचं पाणी झऱ्याच्या भरवशावर आधीच पिऊन झालं होतं. “अय्यो शिवा,” तो दर दहा पावलांनी म्हणे, “गार्डसाहेब, तळं किती लांब?”

“आलं, आलं. हा बैल ओलांडला की.”

ते निजलेल्या बैलाच्या वशिंडावर पोचले तेव्हा दुपार झाली होती. लिंबाजींची छाती भात्यासारखी चालली होती. एका दगडाला टेकून त्यांनी खाली बघितलं, आणि बघतच राहिले. खाली मालगाडी चालली होती. काड्यापेट्यांची माळ. धुराचा बारीक दोरा. आणि सगळ्यात शेवटी गार्डाचा डबा, नखाएवढा. त्याच्या दारात एक पांढरा ठिपका उभा होता. आपण तिथं उभं राहून इकडं बघत होतो, हे त्यांच्या मनात आलं, आणि काय झालं कोण जाणे, त्यांनी हात वर करून हलवला.

“कुणाला हात करून राहिलात?” सरजाबाईंनी विचारलं.

“कुणाला न्हाई.”

गाडी वळणाआड गेली. तेवढ्यात वकील ओरडले, “तळं! तळं!”

बैलाच्या पाठीमागं, झाडांच्या पलीकडं, खरोखरच डोळे दिपवणारा चकाकता पट्टा पडला होता. लिंबाजींनी डोळे चोळले. होतं! जसं लिहिलं तसं होतं! त्यांना एकदम रडूच आलं. अमृतरावांनी पुस्तकाला हात लावून कपाळाला लावला. गुरुबसप्पा तर उतारावर पळायलाच लागला. धपाट्यांचा डबा पाठीवर खडखडत होता, आणि तो म्हणत होता, “गार्डसाहेब, मला माफ करा, मला मधी जरा शंका आली होती!”

उतार संपला, झाडी संपली, आणि मंडळी एका आश्रमशाळेच्या अंगणात येऊन उभी राहिली. समोर वसतिगृहाची लांबलचक इमारत होती. तिच्यावर नवेकोरे दिसावेत असे, उन्हात लखलखणारे पत्रे.

खिडक्यांतून पोरं बघत होती. वसतिगृहाचे अधीक्षक शेषेराव लुंगी सावरत बाहेर आले. टोप्या घातलेली, धुळीनं माखलेली माणसं छपराकडं टक लावून उभी आहेत हे बघून त्यांना वाटलं, छप्पर तपासायला आलेत.

“गळत न्हाई साहेब,” ते घाईनं म्हणाले. “पाऊसच न्हाई तर गळंल कसं?”

गुरुबसप्पा सावकाश लिंबाजींकडं वळला. “गार्डसाहेब. तळं.”

लिंबाजींनी ओठांवरून जीभ फिरवली. “आटलं,” ते म्हणाले. “आटलं, म्हणून जागा मोकळी झाली. जागा मोकळी झाली, म्हणून सरकारनं...”

“ही शाळा माझ्या आधीपास्नं हाय,” शेषेराव म्हणाले, “अन् मला इथं पंधरा वर्सं झाली. इथं तळं कुठलं? आमी पाणी आणतो ते तिकडल्या तळ्यातनं. त्या टेकाडाच्या पल्याड.”

“पल्याड तळं आहे?” अमृतरावांनी विचारलं.

“हाय की. पोरं आत्ताच पवून आली.”

अमृतरावांनी पुस्तक उघडलं, होकायंत्र धरलं, टेकाडाकडं बघितलं आणि बोट ठेवून वाचलं, “‘येथे पाहण्यासारखे काही नाही. न थांबता पुढे जावे.’”

टेकाडापलीकडं खरंच तळं होतं. दोन डोंगरांच्या मधे मातीचा उंच बांध घातलेला, आणि आत हिरवट, शांत पाणी. पावसाअभावी खाली गेलेलं होतं, काठाला चिखलाच्या पायऱ्या पडल्या होत्या, पण म्हशी डुंबतील एवढं होतं. काठावर बगळे होते. गाडीतून हा बांध म्हणजे नुसता मातीचा ढीग दिसायचा. लिंबाजींनी हजारदा त्याच्याकडं बघून नजर काढून घेतली होती.

गुरुबसप्पा तडक पाण्यात शिरला. त्यानं आंघोळ केली, काठावर बसून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन शांतपणे पूजा केली, नवी विभूती लावली. मग डबे उघडले. पहिला धपाटा संपेपर्यंत माणसाचा आवाज म्हणून नव्हता.

दुसऱ्या धपाट्याला अमृतरावांना कंठ फुटला. “गार्डसाहेब, दुष्काळात तळं आटलं हे मी समजू शकतो. झरा आटला, समजू शकतो. पण दुष्काळात हे भरलेलं तळं आलं कुठून, तेवढं सांगा.”

सगळे लिंबाजींकडं बघायला लागले. लिंबाजींनी हातातली भाकरी खाली ठेवली. आता शब्द उरला नव्हता.

“हेबी दुष्काळानंच,” सरजाबाई म्हणाल्या.

“काय म्हणायलाव ताई?”

“ह्यो बांध दुष्काळी कामाचा हाय. बहात्तरच्या. बघा ना, दगडी पिचिंग कसं हातानं बसवलंय. ह्यांच्या पगारात भागंना म्हणून गावाकडं मी असल्याच बांधावर होते, दहा वर्सांच्या पंचशीलाला संगं घेऊन. सुकडी खायची अन् माती वाहायची. पाऊस आला तवा कुठं कळलं, की आपण तळं करून राहिलो होतो.” आणि त्या हसल्या. “तवर आमाला वाटायचं, नुस्तं डोंगर हिकडचा तिकडं करायलेत.”

गुरुजींनी पुस्तक मिटलं. लिंबाजी पाण्याकडं बघत होते.

“अप्पा,” ते म्हणाले, “मी ह्या डोंगरावर कधी आलो नव्हतो. सगळं गाडीतनं बघितलेलं हाय. पुस्तक परत घ्या. मंडळातनं माझं नाव काढा.”

गुरुबसप्पानं तिसरा धपाटा घेतला. पोट भरलेलं, पाय गार पाण्यात. अशा माणसाला राग येणं अवघड असतं. “मी कापड विकतो गार्डसाहेब,” तो म्हणाला. “कापूस कसा पिकतो ते मी कुठं बघितलंय? पुस्तक परत-बिरत काही घ्यायचं नाही. दुसरी आवृत्ती काढायची. ताई फुडं चालतील, तुम्ही मागनं लिवत या. चांदीतळं मात्र काढायचं नाही.”

“पण अप्पा, तिथं तळं नाही,” अमृतराव म्हणाले.

“त्या पानाच्या पाठीला माझी जाहिरात हाय!”

परतीची वाट शेषेरावांनी दाखवली. बैलगाडीचा रस्ता होता, आश्रमशाळेपासून थेट स्टेशनपर्यंत, सपाट. सकाळी तो घेतला असता तर कुणाला घाम आला नसता. सरजाबाई पुढं झाल्या आणि लिंबाजी आपसूक सगळ्यांच्या मागं गेले. मागं गेल्यावर त्यांना बरं वाटलं. पुढं काय येणार याची काळजी त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती, ते काम ड्रायव्हरचं. गार्डानं बघायचं ते एवढंच, की आपल्या गाडीतलं काही मागं सुटलं तर नाही.

एका वळणावर त्यांनी सवयीनं टोप्या मोजल्या आणि थांबले. एक टोपी कमी होती.

“अप्पा कुठाय?”

गुरुबसप्पा कुणालाच दिसला नव्हता. स्टेशन आलं होतं, लांब धूर दिसत होता. “तुम्ही व्हा फुडं,” लिंबाजी म्हणाले आणि मागं फिरले. ते एकटेच निघाले, आणि गुडघ्याची आठवण त्यांना झाली नाही. दोन वळणं मागं, पळसाखाली, एक बूट काढून गुरुबसप्पा घोरत होता. पाच धपाट्यांची झोप होती, साधी हाक लागेना.

लिंबाजींनी त्याला हलवून उठवलं, बूट त्याच्या हातात दिला आणि त्याला पुढं घातलं. एक पाय बुटात, एक मोज्यात, असा गुरुबसप्पा लंगडत पळत होता आणि मागून लिंबाजी त्याला ढकलत होते. गाडी स्टेशनात उभी होती. मंडळी डब्यात चढली होती. सरजाबाई मात्र शेवटच्या डब्यापाशी उभ्या राहून गार्डाशी भांडत होत्या. गार्ड तरुण पोरगा, नवा. लिंबाजींना ओळखणारा नव्हता.

“बाई, टायम झाला. मला झेंडी दाखवावी लागंल.”

“दाखव की. पण आमची दोन माणसं येऊन राहिलीत, ती आल्यावर दाखव. ती बघ ना, ती!”

पोरानं बघितलं. दोन म्हातारे धापा टाकत प्लॅटफॉर्मच्या उतारावरून येत होते. त्याला दया आली आणि त्यानं वर केलेली झेंडी खाली घेतली.

लिंबाजींनी ते पाहिलं. त्यांनी गुरुबसप्पाला डब्यात कोंबलं, शर्ट नीट केला आणि तडक त्या पोरासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना धड श्वासही घेता येत नव्हता.

“तू थांबलास कशाला?”

“तुमच्यासाठीच थांबलो, काका.”

“कुणासाठी थांबायचं न्हाई! टायम झाला की झेंडी! तीस वर्सं मी बापासाठी थांबलो न्हाई, अन् तू माझ्यासाठी थांबतोस? नाव काय तुझं? कोण शिकवलं तुला?”

पोरगा गांगरला. त्यानं हिरवी झेंडी काढली, शिट्टी फुंकली. इंजिनानं उत्तर दिलं आणि गाडी हलली. लिंबाजी अजून प्लॅटफॉर्मवरच होते, बोट उगारून.

“अहो, चढा!” सरजाबाई डब्याच्या दारातून ओरडल्या. “पंचशीलाचे बाबा, चढा! त्यानं ऐकलंय तुमचं!”